सिस्टर देसांकाच्या थापा

सिस्टर देसांका डाव्या पायाने का लंगडते, याची आमच्या तालुक्यात निदान सतरा कारणं प्रसिद्ध होती, आणि सतराही तिनेच पसरवलेली होती. द्रेनोवा गावात विचारलंत तर ती लहानपणी गाढवावरून पडली होती. नदीपलीकडच्या गावात ती एका फौजी अधिकाऱ्याच्या मोटारसायकलवर बसून पळून जात होती, वळणावर पडली, आणि अधिकारी मागे न बघता तसाच पुढे निघून गेला. डोंगरातल्या वस्तीवर ती चेरीच्या झाडावरून पडली होती. झाड शेजाऱ्याचं होतं आणि शेजारी आधीपासूनच फांदीवर बसलेला होता. ही चेरीची गोष्ट ऐकताना तिथल्या म्हाताऱ्या इतक्या रंगून जायच्या, की बाळाच्या अंगावरची चार पांघरुणं देसांका एकेक करून बाजूला ठेवतेय हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही.

मी राडोये. आरोग्य केंद्राचा ड्रायव्हर. तेरा वर्षं मी तिला दवाखान्याच्या छोट्या पांढऱ्या गाडीतून गावोगाव फिरवलं. आमच्याकडे नियम होता, बाळ इस्पितळातून घरी आलं की दुसऱ्या दिवशी सिस्टर दारात हजर. पहिल्या महिन्यात पाच वेळा जायचं, मग बाळ बसायला लागेपर्यंत अधूनमधून. वजन करायचं, बेंबी बघायची, टाळूवरून हात फिरवायचा, आईला दूध येतंय ना आणि उगाच रडू येत नाही ना ते विचारायचं. सरकारी कागदावर एवढंच लिहिलेलं होतं. कागदावर आजीचा उल्लेख कुठेच नव्हता, आणि खरी गाठ तर आजीशीच असायची.

आमच्याकडे बाळाचे पहिले चाळीस दिवस आजीचं राज्य. बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. खिडकी उघडायची नाही, कारण वाऱ्याच्या झोताने माणसाचं कानापासून मूत्रपिंडापर्यंत काहीही जाऊ शकतं, यावर आमच्याकडे डॉक्टरांचाही मनातून विश्वास आहे. उशीखाली लसूण, मनगटाला लाल दोरा. बाळाला गोड म्हणायचं नाही, दृष्ट लागते. "शी, काय कुरूप ध्यान" म्हणून तीनदा थुंकल्यासारखं करायचं. या शेवटच्या कामात देसांकाचा हात धरणारं कोणी नव्हतं. पाळण्यात डोकावून ती असं काही तोंड वाकडं करायची की आजीला भरून यायचं.

आजीशी ती कधी भांडली नाही. तिने खिडकी उघडा असं कुणाला सांगितलेलंही मी ऐकलं नाही. ती मला आत बोलवायची आणि म्हणायची, "राडोये, बूट काढून बस की, दमला असशील." मला वाटायचं, किती माया आहे बाईला. मी बूट काढायचो, मोजे चुलीपाशी वाळत घालायचो, आणि पाच मिनिटांत आजी उठून स्वतःच्या हाताने खिडकी उघडायची. हा प्रकार नोकरीच्या सातव्या वर्षी माझ्या लक्षात आला. मी दोन आठवडे तिच्याशी बोललो नाही. मग तिने मला लोकरीचे नवे मोजे दिले आणि ते धुवायचे नाहीत अशी अट घातली.

बाळाला बडीशेपेचं पाणी पाजायचा आजींना फार सोस. देसांका भांडं उचलायची, "अगं बाई, काय झकास झालंय," म्हणत सगळं स्वतः पिऊन टाकायची आणि आणखी आहे का विचारायची. मग बाळाला आईच्या दुधाशिवाय काही उरायचं नाही. आजी बाळाशी बोलत नसतील, तर ती बाळाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आपलं तोंड नेऊन जीभ बाहेर काढायची आणि वाट बघायची. दोन-तीन आठवड्यांचं बाळ थोड्या वेळाने आपलीही जीभ काढतं. देसांका आजीला म्हणायची, "बघा, हे तुम्हाला वेडावतंय." आता घरातलं सगळ्यात लहान माणूस वेडावतंय म्हटल्यावर कुठली आजी गप्प बसेल? दिवसभर ती त्याला उलट उत्तरं देत बसायची. देसांकाला तेच हवं असायचं. आणि बाळाला थोडा वेळ पालथं घालावं, मान धरायला शिकेल, हे कुणी ऐकेना, तर ती बाळ सरळ माझ्या पोटावर पालथं ठेवायची. माझ्या ढेरीवर आमच्या तालुक्यातल्या दीडेकशे बाळांनी पहिल्यांदा मान वर केली आहे. काहींनी त्याच वेळी इतरही गोष्टी केल्या, त्या सांगत नाही.

एका बाबतीत मात्र तिचा विनोद आटायचा. पट्टा.

आमच्याकडच्या बायका लोकरीचा लांब पट्टा विणतात, लाल-काळा, कडेला नक्षी. बाळाचे पाय जोडून सरळ करायचे आणि काखेपासून टाचेपर्यंत त्या पट्ट्याने करकचून वेढे घालायचे, म्हणजे पाय सरळ वाढतात आणि मुलगी पुढे फेरात नाचताना नजरेत भरते. सगळ्यांना असंच बांधलेलं. मलाही. बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण काही बाळं, त्यातही मुली जास्त, खुब्याचा सांधा सैल घेऊन जन्माला येतात. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत नीट बसलेला नसतो. अशा बाळाचे पाय बेडकासारखे फाकलेले राहू दिले, तर गोळा महिन्या-दोन महिन्यांत आपला आपण जागेवर बसतो. सरळ बांधले तर तो पार बाहेर निघतो, आणि पोर चालायला लागेपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

हे मला कसं माहीत? नोकरीच्या पाचव्या वर्षी एकदा गाडी चिखलात रुतली होती आणि आम्ही ट्रॅक्टरची वाट बघत बसलो होतो. मी सहज म्हणालो, सिस्टर, सतरा ठिकाणी सतरा गोष्टी सांगता, मला निदान त्यातली खरी कुठली ते सांगा. ती म्हणाली, एकही नाही.

ती बत्तीस सालच्या हिवाळ्यात जन्मलेली. तिची आई परसीदा तालुक्यातली सगळ्यात चांगली पट्टे विणणारी, आणि बांधणारीही. प्रत्येक नव्या सुनेला तिचा पट्टा आहेरात जायचा. तिने स्वतःच्या मुलीला पाच महिने असं सुरेख बांधलं की शेजारणी बघायला यायच्या. मुलगी दीड वर्षाची होऊन चालायला लागली ती बदकासारखी डुलत. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना प्राध्यापकांनी फळ्यावर खुबा काढून दाखवला आणि पट्ट्याने काय होतं ते समजावलं. देसांकाने सगळं वहीत उतरवून घेतलं, सुट्टीत घरी आली आणि आईला एक शब्द बोलली नाही. बाप लढाईत गेलेला, आईला हिच्याशिवाय कोणी नाही. पण लोक विचारतात, पोरगी लंगडते कशानं? मग तिने गाढव आणलं. पुढे मोटारसायकल, मग झाड.

"एकदा सांगून मोकळ्या का होत नाही?" मी विचारलं.

"सांगितल्यानं माझा पाय लांब होणार आहे का?" ती म्हणाली. "तिची झोप मात्र जाईल."

ट्रॅक्टर आला, आम्ही निघालो.

त्र्याऐंशी सालच्या मार्चमध्ये द्रेनोव्यात लेपोसावाबाईंच्या घरी नात झाली. लेपोसावा म्हणजे बासष्ट वर्षांची, उंच, मिशीची बारीक रेघ असलेली आणि कुणाच्या बापाला न भिणारी बाई. मुलगा ऑस्ट्रियात कारखान्यात कामाला, वर्षातून दोनदा यायचा. घरात ती, सून ल्युबिंका आणि नवं बाळ, नेवेना. सून वीस वर्षांची, इतकी बुजलेली की सासू खोलीत असली तर स्वतःच्या बाळाकडेही परवानगी घेतल्यासारखी बघायची.

चौथ्या दिवशी आम्ही गेलो. देसांकाने बाळाचा पट्टा सोडला, कुरूप म्हणून झालं, वजन झालं. मग दोन्ही मांड्या हातात धरून तिने हळूच बाहेर फाकवल्या. डाव्या बाजूला तिचं बोट थांबलं. तिने पुन्हा केलं. मी दाराशी मुरांबा खात होतो, मला काही ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा दिसला. तिने बाळाच्या पोटावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. नंतर गाडीत म्हणाली, बोटाखाली टक् झालं.

तिने लेपोसावाबाईंना नीट समजावलं. दोन लंगोट घडी करून मांड्यांमध्ये घालायचे, पाय फाकलेले ठेवायचे, पट्टा नको. आणि शहरातल्या हाडांच्या डॉक्टरला लवकरात लवकर दाखवायचं. आमच्या डॉक्टरांची चिठ्ठीही आणून दिली. लेपोसावाबाईंनी चिठ्ठी आदराने घेतली आणि लसणीसोबत बाळाच्या उशीखाली सरकवली. डॉक्टरकडे चाळीस दिवसांनंतर जाऊ म्हणाल्या. पट्ट्याचं नावच काढू नको म्हणाल्या, त्यांची तिन्ही मुलं याच पट्ट्यात वाढली होती, तिघंही भाल्यासारखी सरळ.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. सरकारी हिशेबाने पाच, पण देसांका दर दोन दिवसांनी मला द्रेनोव्याकडे वळवायची. जाऊन पट्टा सोडायची, लंगोट घालायची, आम्ही कोपऱ्यावर पोचायच्या आत लेपोसावाबाई पुन्हा बांधायच्या. सून दारातून आम्हाला बघायची आणि मान अशी बारीक हलवायची की झालं, बांधलं. देसांकाने आपली सगळी हत्यारं काढली. व्हिएन्नात आता बाळांना असंच ठेवतात, ती म्हणाली. लेपोसावाबाई म्हणाल्या, व्हिएन्नातल्या लोकांना नाचता कुठं येतं? मला बूट काढून बसवलं, तर लेपोसावाबाईंना नेमकी सर्दी झालेली, त्यांनी मला राकिया दारूचा दुसरा पेला दिला आणि खिडकी बंदच राहिली. पाहुणचार उत्तम, पण काम शून्य.

अठराव्या दिवशी देसांकाचा तोल सुटला. तिने सरळ सांगितलं, "काकू, असंच बांधत राहिलात तर ही पोरगी लंगडी होईल."

लेपोसावाबाई पट्ट्याची गुंडाळी करत होत्या. त्यांनी देसांकाकडे नीट वरपासून खालपर्यंत बघितलं.

"देसा, तुला लहानपणी कुणी बांधलं होतं?"

देसांकाने बाळाचा लंगोट सारखा केला.

"परसामावशीनं बांधलं होतं. तिच्यासारखी बांधणारी या मुलखात झाली नाही. हा पट्टासुद्धा तिनंच विणलाय, माझ्या लग्नात दिला होता. आणि तुझा पाय चांगला ठणठणीत होता की, त्या मेल्या गाढवावरून पडेपर्यंत. मग पट्ट्यानं लंगडं होतं कोण?"

एवढी वर्षं मी या बाईला शब्दात अडकलेली बघितली नव्हती. तिच्याच गाढवाने तिला भर अंगणात खाली पाडलं होतं आणि उचलायला कोणी नव्हतं. लेपोसावाबाईंनी मग उदारपणे तोडगा काढला. परसामावशीला घेऊन या, त्या म्हणाल्या. तिनं बघावं. ती सोड म्हणाली तर मी सोडीन, बांध म्हणाली तर तू पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाहीस.

परतताना गाडीत मी चिडलो होतो. म्हणालो, आता तरी खरं सांगा, एका बाळाच्या पायाचा प्रश्न आहे. देसांका खिडकीबाहेर बघत म्हणाली, सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला मी आता हे सांगू? ती आईला घरी नुसतं सांगणार होती की तिथे जाऊन पट्टा नको म्हण, कारण विचारू नकोस. सांगितलंही. आई म्हणाली, बघू.

विसाव्या दिवशी मी देसांकाला सकाळी द्रेनोव्यात दुसऱ्या एका बाळंतिणीकडे सोडलं आणि परसाआजींना आणायला गेलो. काळा रुमाल, काळा झगा, हातात कापडी पिशवी, पुढच्या सीटवर बसल्या तर पाय खाली टेकेनात. पुलापर्यंत मी कसाबसा गप्प राहिलो. पण माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे सगळ्या दवाखान्याला माहीत आहे. मी पूल ओलांडून गाडी कडेला घेतली.

"परसाआजी, देसाच्या पायाबद्दल एक सांगायचंय."

"गाढवाबद्दल?"

"गाढव नव्हतं, आजी."

"ते मला कशाला सांगतोस? आमच्याकडे गाढव कधीच नव्हतं."

त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या.

"तिची वही होती," त्या म्हणाल्या. "शिकायला होती तेव्हाची. सुट्टीत आली होती, गादीखाली ठेवली होती. मला वाचता येत नाही, पण चित्र कळतं की. दोन पाय काढलेले, एकाला पट्टा गुंडाळलेला. आणि त्याच्यावर तिनं पेनानं एवढं खरडलं होतं की कागद फाटला होता."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"ती माझ्यासाठी एवढं मन लावून खोटं बोलत होती. मी मध्ये तोंड घातलं असतं तर तिचे सगळे कष्ट वाया गेले असते." मग म्हणाल्या, "आणि धीर झाला नाही, राडोये. हेही आहे."

मी म्हणालो, पण तुम्ही पट्टे तर अजून विणता. आजही आहेरात जातात. तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या, आणि मला दिसलं की देसांका कुणावर गेली आहे.

"विणते की. पण त्या वहीनंतर मी सगळे आखूड विणते. दोन वेढ्यांत संपतो. पोटापर्यंतच पुरतो, पायापर्यंत जातच नाही. तीस वर्षं झाली, एकीनंही विचारलं नाही. म्हणतात, हल्ली लोकर महाग झाली असेल." पिशवी सावरत त्या म्हणाल्या, "लेपीकडचा पट्टा जुना आहे. माझ्या अडाणीपणाच्या काळातला. सात हात लांब. चल आता, गाडी काढ."

लेपोसावाबाईंचं स्वयंपाकघर गरम होतं आणि अर्थातच बंद. टेबलावर मुरांबा, पाणी, राकिया, सगळं मांडलेलं. देसांका भिंतीला टेकून उभी होती. ती आईकडे बघत नव्हती. सून पाळण्याजवळ, आणि बाळ पट्ट्यात बांधलेलं, फक्त तोंड बाहेर. परसाआजींनी आधी वाकून बाळाला पोटभर कुरूप म्हटलं. मग लेपोसावाबाई म्हणाल्या, "मावशी, आता तुम्हीच दाखवा हिला, कसं बांधायचं ते."

परसाआजींनी पट्टा सोडायला सुरुवात केली. सात हात पट्टा, हातात वात आलेला, बराच वेळ लागला. पाय मोकळे झाल्यावर बाळाने ते लगेच पोटाशी घेतले आणि गुडघे बाहेर टाकले.

"देसे, इकडे ये," त्या म्हणाल्या. "कुठं लागतं हाताला ते दाखव मला."

देसांका पुढे आली. तिने आईची बोटं धरून बाळाच्या डाव्या मांडीवर नेमक्या जागी ठेवली आणि आपल्या हाताने मांडी हळूच फाकवली. मी पुन्हा काहीच ऐकलं नाही. पण परसाआजींचे डोळे मिटले. त्यांनी बोट तिथेच ठेवलं, मग लेपोसावाबाईंचा हात ओढून तोही तिथे ठेवला. देसांकाने पुन्हा मांडी फाकवली.

"लागलं?"

"काहीतरी हललं," लेपोसावाबाई म्हणाल्या.

"माझ्या पोरीचंही असंच हललं असणार. मी कधी सोडून बघितलंच नाही. पाच महिने बांधलं, सरळ, सुरेख. तुझी आई बघायला आली होती, लेपे. ही गाढवावरून पडली नाही. हिला मी लंगडी केली."

ल्युबिंकाने तोंडावर हात ठेवला. देसांका आईकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग होता, खरा राग, मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं. लेपोसावाबाई खुर्चीवर बसल्या. मग त्या देसांकाला म्हणाल्या, "म्हणजे गाढव नव्हतंच?"

"नव्हतं, काकू."

"तीस वर्षं मी त्या गाढवाला शिव्या घालतेय, देसा."

हसावं की नाही, कुणाला कळेना. परसाआजींनी पट्टा गुंडाळून आपल्या पिशवीत टाकला. लेपोसावाबाई म्हणाल्या, "माझ्या लग्नातला आहे तो." परसाआजी म्हणाल्या, दुसरा देते, छोटा. लेपोसावाबाईंनी एकदा शेवटचं विचारलं, मग ही नाचणार कशी? परसाआजींनी देसांकाकडून लंगोटांची घडी मागून घेतली, ती कशी घालायची ते विचारलं, आणि पहिल्या खेपेला चुकीची घातली. तेव्हा ल्युबिंका पुढे झाली. तिने सासूकडे न बघता घडी सोडली, नीट घातली आणि बाळाला उचलून छातीशी घेतलं, दोन पाय दोन बाजूंना. वीस दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "उद्या आम्ही शहरात जाणार," ती म्हणाली.

पोरीचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. एकविसाव्या दिवशी लेपोसावाबाई नातीला घेऊन उंबऱ्याबाहेर पडल्या. चाळीस दिवस पुरे व्हायच्या आत आमच्या मुलखात हे कुणी केलेलं मी तरी बघितलं नव्हतं. बाळाच्या अंगावर तीन लाल दोरे, लसणीची अख्खी माळ, आणि गाडीची एकही काच मला उघडू दिली नाही. मी बुटांसकट बसलो होतो तरी त्यांनी दोनदा नाक मुरडलं, म्हणजे सर्दी बरी झाली होती. शहरातल्या डॉक्टरने पायांना मऊ पट्ट्यांची जोडी लावली, गुडघे वर, बेडकासारखे. लेपोसावाबाईंना ते अजिबात आवडलं नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला त्या स्वतःच समजावून सांगायच्या की व्हिएन्नात असंच ठेवतात. चार महिन्यांनी एक्स-रे काढला, गोळा वाटीत बसलेला. पुढच्या वर्षी पोरगी चालायला लागली, आणि तिच्या चालण्यात बघण्यासारखं काही नव्हतं. देसांका मुद्दाम जाऊन दारात बसून तिचं ते साधं चालणं बघत राहिली.

पण मला सांगायचंय ते त्या विसाव्या दिवसाचं. आम्ही तिघं परत निघालो. परसाआजी पुढे, देसांका मागे, पाय आडवा टाकून, कारण त्या गाडीत तिचा डावा पाय नीट मावत नसे. द्रेनोव्याची शेवटची घरं मागे पडली. मग देसांकाने मागून विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं?

आईने सांगितलं. वही, चित्र, गादी, सगळं.

"आणि मी गावभर मूर्खासारखी गाढवाच्या गोष्टी सांगत फिरले, तू ऐकत बसलीस."

"चेरीची गोष्ट मला सगळ्यात आवडायची," परसाआजी म्हणाल्या. "तो शेजारी कोण, हे मात्र मला कधी कळलं नाही."

देसांका हसली नाही. मला आरशात दिसत होतं, ती ओठ चावत बाहेर बघत होती. आलुबुखाराची झाडं नुकती फुलायला लागली होती, रस्ता खड्ड्यांचा, मी सावकाश चालवत होतो. एका मोठ्या खड्ड्यात गाडी आपटली आणि देसांकाने मांडीवर हात दाबला, नेहमी दाबायची तसा. परसाआजींनी ते बघितलं. त्या सीटवर अर्ध्या वळल्या, हात मागे नेला आणि मुलीच्या खुब्यावर ठेवला.

"दुखतो का गं हा?"

एवढी वर्षं त्यांना हे विचारता आलं नव्हतं. विचारलं असतं तर गाढव आडवं आलं असतं. आणि एवढी वर्षं देसांकाला हे कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही, रोज गाडीत शेजारी बसून. मी आरशात बघितलं. वाटलं, आता काहीतरी भन्नाट उत्तर येईल.

"दुखतो," देसांका म्हणाली. "रोज दुखतो, आई."

परसाआजींनी हात तसाच ठेवला, गाव येईपर्यंत.